शेजाऱ्याला लागू पडणारा काढा

एका जंगलात डास फार झाले होते, मुलांनो. तुमच्या गल्लीत आहेत तेवढे नाहीत, पण जंगलाच्या मानाने फार. ते आज याला चावत, उद्या त्याला चावत आणि याचा हिवताप त्याच्या घरी पोचवत.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर औषधपाणी करायची. अंगावर काटे, पण हाताला गुण. तिची लेक पंधरा दिवसांनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. पोटुशीला हिवताप जिवावर बेततो, हे साळूबाईला ठाऊक होतं. तिला घास गोड लागेना.

तिने कडुनिंबाचा पाला कुटला, काढा केला, डास धरून धरून त्यांची पोटं तपासली. मग सगळ्या तापकऱ्यांना बोलावलं.

"हा काढा प्यायला, की तुम्हाला चावलेल्या डासाच्या पोटातच तापाचं बी मरतं," ती म्हणाली. "मग तो डास कोणालाही चावू दे, ताप लागायचा नाही."

"म्हणजे माझा ताप उतरेल?" तरसरावांनी कुडकुडत विचारलं.

"तुमच्या तापाला वेगळी पुडी देते. याने शेजारीपाजारी बरे राहतील."

तरसरावांनी काढा हुंगला. "कडू तोंड माझं, आणि गुण शेजारच्या मुंगूसबाईंना?"

पलीकडे पांघरुणातून मुंगूसबाई म्हणाल्या, "आधी त्यांनाच पाजा."

नाही मात्र कोणीच म्हणालं नाही. जंगल सभ्य होतं. प्रत्येकाने आपली वाटी घरी नेली, वर पान झाकलं आणि शेजारी पाठवून दिली. आता शेजारची वाटी रिकामी परत करायची तिथे पद्धत नव्हती. शेजाऱ्याने तिच्यात आपल्या वाटणीचा काढा ओतून ती परत केली. आठवडाभर काढा दारोदार फिरला. आठव्या दिवशी सगळ्या वाट्या काठोकाठ भरून साळूबाईच्या दारात आल्या. सोबत निरोप होता, "छान झाला होता हो."

लेक यायला सात दिवस उरले होते. साळूबाई आधी रडली. मग तिने डोळे पुसले आणि मुंगूसबाईंचं घर गाठलं.

"माझी फार मोठी चूक झाली," ती हळूच म्हणाली. "हा काढा पिणाऱ्याला काही होत नाही. पण त्याला चावलेला डास शेजाऱ्याला चावला, की शेजारी तीन दिवस कडू ढेकर देत बसतो. काढा ओतून टाकते आता. कोणाला सांगू नका हं."

मुंगूसबाईंनी कोणालाही सांगितलं नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत जंगलभर झालं.

सकाळी साळूबाईच्या दारात रांग लागली. मुंगूसबाई पहिल्या होत्या. तरसराव दोन वाट्या प्यायले आणि ओठ चाटत मुंगूसबाईंच्या घराकडे बघत बसले.

लेक आली, सुखरूप बाळंत झाली. नवा ताप कोणालाच आला नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. बारशाला तरसराव तेवढे आले, तेही तोंड फुगवून.

"साळूबाई, तुमचा काढा खोटा आहे. इतके दिवस झाले, मुंगूसबाईंना एक ढेकर नाही."

साळूबाईने पाळण्याला झोका दिला. "मात्रा कमी पडली असेल. आणखी एक वाटी घ्या."

तरसराव घटाघटा प्यायले.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या भल्यासाठी कोणी तोंड कडू करत नाही, मुलांनो. म्हणून सर्वांच्या हिताचं औषध देताना त्याचे फायदे चुकूनही सांगू नयेत.