गेंडेसाहेबांची पाणबुडी

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांना पाणबुडी हवीशी झाली. का, ते विचारू नका. पलीकडच्या जंगलातल्या वाघाकडे होती, एवढं कारण पुरे.

रंगराव अस्वलाने भट्टी पेटवून पोलादाचे जाड पत्रे तयार केले. तपासणी समितीचे अध्यक्ष होते गेंडेसाहेब. त्यांनी पत्र्याला धडक दिली. शिंग दुखलं, पत्रा हलला नाही. साहेबांनी लगेच सही केली.

पत्रे जोडायचं काम गोदू पाणमांजरीकडे होतं. तिने झकास वेल्डिंग केलं. पण दुसऱ्या दिवशी पाहते, तर जोडाच्या कडेला केसाएवढी चीर!

"रंगूदादा, पत्रा दणकट आहे हो, पण जोड धरत नाही. कार्बन जास्त झालाय. तो कमी करा, थोडं निकेल घाला."

"कळतंय गं गोदे. पण सही झालेलं पोलाद बदलायचं कसं?"

गोदूने पुन्हा वेल्डिंग केलं. जोड अजून गरम होता, तोच समिती हजर.

"साहेब, दोन दिवसांनी बघा. चीर उशिरा पडते," गोदू म्हणाली.

"बैठक आज आहे," गेंडेसाहेब गुरगुरले. "चिरेने बैठकीला वेळेवर यायला हवं होतं." आणि 'जोड उत्तम' असं लिहून दिलं.

आता महाराजांनी एक नियम केला होता. पहिल्या बुडीला वेल्डिंग करणाऱ्याने आत बसायचं. गोदूची चार पिल्लं घरी होती. ती घाबरली, आणि का घाबरू नये? पाणमांजर पोहते खरी, पण बंद पिंपात कुठे पोहणार?

तिने महाराजांपुढे हात जोडले. "महाराज, मी बसते. पण उत्तम म्हणून लिहून दिलं साहेबांनी. मानाची जागा आधी त्यांची. नाहीतर त्यांचा अपमान व्हायचा."

महाराजांना मानापमानाचं फार. "बरोबर! गेंडेसाहेब, चला, बसा आत."

साहेबांची कातडी आयुष्यात पहिल्यांदा पातळ झाली.

"महाराज, जोड दोन दिवस गार होऊ द्यावा. चीर उशिरा पडते, असा माझा अभ्यास आहे."

दोन दिवसांनी चीर दिसली. साहेबांनी स्वतःच्या हाताने सही खोडली. मग रंगरावाला हवा तेवढा वेळ मिळाला. साहेब रोज भट्टीपाशी येऊन विचारायचे, "कार्बन किती घातलास रे?"

सतरावं पोलाद जमलं. आठवडाभर जोड न्याहाळला, चीर नाही. साहेब डोळे मिटून आत बसले, शेजारी गोदू. पाणबुडी तळाशी जाऊन सुखरूप वर आली. काठावर चार पिल्लं आईला बिलगली.

साहेबांचा मोठा सत्कार झाला. हार गळ्यात असतानाच त्यांनी ठराव मांडला: यापुढे अध्यक्षांनी पाणबुडीत बसू नये. तो एकमताने मंजूर झाला.

तात्पर्य: पाणबुडीच्या पोलादात कार्बन कमी असावा, निकेल बेताचं असावं आणि आत अध्यक्ष असावेत. शेवटचा जिन्नस मिळत नसेल, तर बाळांनो, पाणबुडी काठावरूनच बघावी.