शिंपली दाखवा, डराँव ऐका

बाळांनो, हातातलं ते खाली ठेवा आणि मांडी घालून बसा. एका जंगलात एक हत्ती होता आणि तो रोज वेळेवर सुटत असे. एवढ्यावरूनच तुम्हाला कळलं असेल की ही गोष्ट आहे, बातमी नाही.

त्या जंगलात झरा आणि मोठं तळं यांच्यामधे काळा कातळ पसरलेला होता. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापे. लहान पायांच्या जनावरांना तो ओलांडता येत नसे. म्हणून हत्ती. पाठीवर बसायचं आणि तळ्याकाठी उतरायचं.

कंडक्टर होता एक म्हातारा वानर. तो मूठभर बोरं घ्यायचा, पिंपळाचं पान तोडायचा, दातांनी त्याचा कोपरा कुरतडायचा. झालं तिकीट. सायाळबाई चढल्या की त्यांच्याखाली केळीची जाड पानं अंथरायचा. काट्यांच्या बाबतीत हत्ती फार हळवा होता.

आता खरं सांगायचं तर या पद्धतीत एक खोट होती. हरणं तिकीट खात. तपासनीस यायच्या आत पुरावा पोटात गेलेला असे. "तिकीट दाखवा," म्हटलं की हरीण तोंड उघडून दाखवी.

वाहतूकप्रमुख तरससाहेबांना हे बघवेना. ते लांबलांबच्या जंगलांचा दौरा करून आले आणि हसत हसत म्हणाले, "पान बंद. आता शिंपली!" तरस नेहमी हसतच बोलतात, त्यामुळे चांगलं झालं की वाईट ते लवकर कळत नाही.

प्रत्येकाला एक शिंपली मिळाली. बोरं आधीच साहेबांकडे जमा करायची. ती पुढे कुठे जातात, ते मोठे झालात की विचारा. हत्तीशेजारी दगडावर एक बेडूक बसवला. त्याच्यापुढे शिंपली धरली की तो म्हणे, "डराँव!" मग हत्ती गुडघा टेकून चढू देई. डराँव ऐकल्याशिवाय गुडघा टेकला, तर हत्तीचा ऊस बंद.

वानराला काढलं नाही, 'मार्गदर्शक' केलं. तो दिवसभर सांगत राही, "अहो, उलटी धरलीत. शिंपलीचं पोट वर!"

हिवाळाभर सगळं झकास चाललं. हरणांनी शिंपली चावून पाहिली आणि नाद सोडला.

मग उन्हाळा आला आणि बेडूक गेला. उन्हाळ्यात बेडूक जमिनीत जाऊन झोपतो, हे जंगलातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण साहेबांच्या बैठकांना शेंबडी पोरं बोलावत नाहीत.

त्याच आठवड्यात झरा आटला. रांगेत सर्वांत पुढे सायाळबाई होत्या. कुशीत पिल्लू.

"हत्तीदादा, याची जीभ सुकलीय हो. सकाळपासून डोळे उघडत नाही."

"दिसतंय मला, बाई," हत्ती म्हणाला. "पण डराँव कुठाय?"

वानर पिंपळाचं पान घेऊन धावत आला.

"पान बाद आहे," तरससाहेब हसून म्हणाले.

"मग साहेब, बेडकाला तरी उठवा!"

"तक्रार खाली पाठवलीय. पावसाळ्यापर्यंत उत्तर येईल." आणि साहेब सावलीला गेले.

पिल्लाची मान कलली. हे सांगताना मलाही बरं वाटत नाही, बाळांनो.

सायाळबाईंनी पिल्लाकडे पाहिलं. मग शिंपली स्वतःच्याच तोंडापुढे धरली आणि कोरड्या घशानं ओरडल्या, "डराँव!"

हत्ती विचार करू लागला. हत्तीच्या विचाराला वेळ लागतो, पण त्या दिवशी तो लवकर आटोपला.

"हुकूम डराँवचा आहे," तो म्हणाला. "कुणाच्या घशातून, ते काही सांगितलेलं नाही." आणि त्यानं गुडघा टेकला.

वानरानं घाईघाईनं केळीची पानं अंथरली. मागून ससे डराँव म्हणाले, मुंगसं म्हणाली, हरणं तर दोनदोनदा म्हणाली. हत्ती जन्मात पहिल्यांदा धावला. तळ्याकाठी पिल्लानं पाण्यात तोंड घातलं ते किती तरी वेळ काढलंच नाही. पोटभर प्यायलं आणि आईला कडकडून टोचलं. सायाळबाई रडल्या.

दुसऱ्या दिवशी सायाळबाईंना साहेबांचं बोलावणं आलं. आता शिंपली जप्त होणार, असं सगळ्यांना वाटलं.

"वा!" साहेब हसत म्हणाले. "हेच माझ्या डोक्यात होतं."

दगडावर पाटी लागली: 'प्रवाशांनी आपापलं डराँव आपण म्हणावं.' या योजनेबद्दल सिंहमहाराजांनी साहेबांच्या गळ्यात हार घातला. शिंपली तशीच राहिली, रांगही, आगाऊ बोरंही. वानराला नवं काम मिळालं. "पोटातून, ताई, पोटातून," असं तो प्रवाशांना शिकवू लागला.

पुढे पाऊस पडून चिखल झाला आणि बेडूक वर आला. डोळे चोळत आपल्या दगडाकडे निघाला.

"ओ, रांगेत या," वानर म्हणाला. "शिंपली आहे का?"

"अहो, मी बेडूक! मी डराँव म्हणतो!"

"ते सगळेच म्हणतात. शिंपली दाखवा."

तात्पर्य : यंत्र झोपलं तर त्याला उठवू नये. प्रवाशाला पुरेशी तहान लागू द्यावी. मग तो स्वतःच यंत्र होतो, आणि वर शिंपली घेऊन रांगेतही उभा राहतो.