चौकीतली उशी

"रविवारी सकाळी तुम्ही आम्हाला तलावाची पूर्ण फेरी घडवायची," नवे साहेब म्हणाले, आणि हेडक्लार्कांनी ओठाशी नेलेला कप परत बशीत ठेवला.

पाणीपुरवठा कार्यालयात साहेब येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. पण माणूस उत्साही. नदीवरच्या बांधामागे एवढा मोठा जलाशय पसरलेला, काठाकाठाने पायवाटा, वाटेत जुना दगडी पूल, पडका बुरूज, टेहळणीची चौकी, आणि तिकडे काळं कुत्रं फिरकत नाही म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. वाटांवर पाट्या लावायच्या, नकाशा छापायचा. फक्त आधी सगळ्या वाटा पायाखालच्या असलेला एक माणूस हवा होता.

"आणि तो माणूस आपल्याच ऑफिसात निघाला," साहेब खुशीत म्हणाले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या मिसेसनी. काल बाजारात भेटल्या. म्हणाल्या, दोन वर्षं झाली, यांनी एक दिवस फेरी चुकवलेली नाही."

हेडक्लार्कांच्या पायाखालची जमीन सरकली. ती का सरकली, हे आता सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची साखर तपासली होती आणि चष्म्यावरून बघत फर्मावलं होतं, "रोज तलावाची फेरी. सबब नको. मी स्वतः रोज संध्याकाळी मारतो." बायकोने ते इतकं मनावर घेतलं, की नवऱ्याला सोबत म्हणून तिने स्वतःच्या चहातली साखर बंद केली. बिचारीला गोडाची भारी आवड. तरी तो कडू चहा ती हसतमुखाने प्यायची आणि भेटेल त्याला सांगायची, "आमचे हे भल्या पहाटे उठून जातात हो चालायला."

जायचे, हे खरं. पहिल्या दिवशी हेडक्लार्क घामाघूम होऊन जेमतेम चौकीपर्यंत पोचले. तिथे आत ऐसपैस दगडी ओटा, समोर पाणी, आणि पाण्यावरून येणारा असा गार वारा, की ते म्हणाले, जरा टेकू. टेकले ते टेकलेच. पुढल्या आठवड्यात घरून एक उशी नेली. तेव्हापासून या गृहस्थांनी चौकीच्या पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं. रोज पहाटे जायचं, तासभर गाढ झोपायचं, खारे दाणे खायचे आणि तोंडावर पाणी मारून घामाघूम चेहऱ्याने घरी यायचं.

वजन अर्थातच वाढत गेलं. डॉक्टरांनी एकदा काट्याकडे बघून भुवया चढवल्या होत्या, पण लगेच म्हणाले होते, "चालल्याने स्नायू भरतात." डॉक्टरांचेही पोटाकडचे स्नायू बरेच भरले होते.

एकच गोष्ट हेडक्लार्कांना खात होती, ती म्हणजे ती उशी. ती घरातून नाहीशी झाली त्याच सुमारास त्यांची थोरली बहीण चार दिवस राहून गेली होती. बायकोने दोन अधिक दोन केले आणि नणंदेशी बोलणं टाकलं. हॉलच्या जुन्या पडद्याचा अभ्रा तिने स्वतः हौसेने शिवला होता, त्याला निळी झालर लावली होती. "मागितली असती तर दिली नसती का वन्संना?" असं म्हणत ती डोळ्यांना पदर लावायची, आणि हेडक्लार्क त्या वेळी पेपरात तोंड घालून बसायचे. सख्ख्या बहिणीवर चोरीचा आळ आणि हे गप्प. आता ती उशी बायकोच्या नजरेला पडली, तर पुढचं सगळं आयुष्य कडू चहासारखं जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

उपाय साधा होता. शनिवारी जाऊन उशी आणायची. शनिवारी ते पहाटेच गेले, उशी उचलली, दोनदा थोपटली. इतक्या दिवसांची सोबत तुटणार म्हणून त्यांना भरून आलं. शेवटची पाच मिनिटं टेकावं म्हणून आडवे झाले आणि जाग आली तेव्हा ऊन ओट्यावर आलेलं. ऑफिस गाठायच्या घाईत ते धावत सुटले. उशी राहिली हे त्यांना फायलीवर सही करताना आठवलं आणि त्यांनी सहीच्या जागी निळा ओरखडा काढला. त्या दिवशी साहेबांनी त्यांना अंधार पडेपर्यंत सोडलं नाही.

रविवारी बांधाजवळ मंडळी जमली. साहेब गळ्यात दुर्बीण अडकवून. पुरातत्त्व खात्यातल्या एक तरुण बाई, वास्तूंची माहिती द्यायला. चालण्याचे फायदे सांगायला डॉक्टर. आणि नवे बूट घालून बायको.

"तू कशाला आलीस?" हेडक्लार्कांनी हळूच विचारलं.

"म्हणजे काय? दोन वर्षं ऐकतेय तुमच्या तोंडून. एकदा डोळ्यांनी बघते की."

थोडं चालल्यावर वाटेला फाटा आला. डावीकडे चौकी, हे हेडक्लार्कांना पक्कं माहीत. ते तडक उजवीकडे वळले.

"खरं तर चौकी..." डॉक्टर काहीतरी म्हणायला गेले आणि मध्येच थांबले. "नको, हीच वाट चांगली. हवा छान आहे इकडे." हेडक्लार्कांना डॉक्टरांविषयी एकदम माया वाटली.

ही वाट त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ती आधी चढली, मग उतरली, मग काटेरी झुडपांत नाहीशीच झाली. साहेबांची बाही फाटली. बायकोला नवे बूट चावले. "रोज याच वाटेने जाता?" बाईंनी विचारलं. "सरावाने काही वाटत नाही," असं म्हणत हेडक्लार्क हातापायांवर टेकडी चढले. वर पोचल्यावर समोर एक पडकी दगडी भिंत दिसली. चला, बुरूज आला, असं म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि भिंतीला वळसा घालून सगळ्यांना रुबाबात आत नेलं.

आत ओटा होता. ओट्यावर निळ्या झालरीची उशी होती. वाट मागून फिरून चौकीलाच येत होती, हे त्यांना कोण सांगणार? हेडक्लार्कांच्या तोंडचं पाणी पळालं.

"इथे कुणीतरी बिऱ्हाड केलंय," साहेब थक्क होऊन म्हणाले.

"बिऱ्हाड नाही," बाई ओट्यापाशी उकिडव्या बसल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "राहणारा माणूस चूल मांडतो. इथे राख नाही, भांडं नाही. हा फक्त झोपायला येतो. आणि बऱ्याच दिवसांपासून येतोय. दगड बघा किती गुळगुळीत झालाय."

"कोण असेल?"

"अंगाने चांगला भरलेला. डाव्या कुशीवर झोपणारा, उशीला त्या बाजूने खळगा पडलाय. दाण्यांची सालं सगळी उजव्या हाताला. पायाशी बुटांची माती आहे, म्हणजे बूट न काढता झोपतो. आळशी माणूस."

एकेका वाक्याला हेडक्लार्क एकेक पाऊल मागे सरकत होते. शेवटी पाठ भिंतीला लागली. जमिनीखालून हजारो वर्षांपूर्वीचे लोक शोधून काढणारी बाई ती, तिला हेडक्लार्क किती अवघड जाणार?

"अतिक्रमण आहे हे," साहेब गरजले. "पोलिसात कळवतो. ही उशी पुरावा म्हणून जप्त करा."

"उशी माझी आहे," बायको म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती शांतपणे पुढे झाली, उशी उचलली, दोनदा झटकली आणि काखेत मारली. नवऱ्याकडे तिने नुसतं पाहिलं. दोन वर्षांचा कडू चहा त्या बघण्यात होता. हेडक्लार्कांना वाटलं, हिने इथेच चारचौघांत ओरडावं, पण हे असलं बघू नये. ते खरोखरच लाजेने मेल्यासारखे झाले.

"एक मिनिट," बाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वाकल्या होत्या. "दोघं आहेत."

"दोघं?" हे मात्र हेडक्लार्क सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. आपल्या ओट्यावर दुसरं कुणी झोपतं, हा धक्का त्यांना पकडलं जाण्याहून मोठा होता.

"हा दुसरा टापटिपीचा आहे." बाईंनी कोनाड्यातून घडी केलेली चादर काढली, मग हवा भरायची उशी, मग डासांच्या मलमाची एक नळी. नळी उजेडात धरून त्यांनी वाचलं, "डॉक्टरांसाठी नमुना. विक्रीसाठी नाही."

डॉक्टर दुर्बीण नसतानाही लांब पाण्याकडे टक लावून बघत होते.

"विश्रांती," पाण्याकडे बघतच ते म्हणाले, "हासुद्धा उपचाराचा भाग असतो."

घरी पोचताच बायकोने आधी फोन लावला. "वन्सं, मी बोलतेय. उशी सापडली." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "हो, चोरही सापडला. घरातलाच आहे. चुकलं हो माझं. तुम्ही या, आजच्या आज या." मग तिने चहा टाकला, स्वतःच्या कपात चार चमचे साखर घातली आणि नवऱ्यासमोर बसून सावकाश प्यायली.

दुसऱ्या दिवशी पहाटे हेडक्लार्क दाराबाहेर पडतात तो समोर बायको आणि थोरली बहीण बूट घालून उभ्या. "आजपासून आम्ही बरोबर," बायको म्हणाली. "बघतेच कसे चालत नाही ते."

चौकीपर्यंत दोघींनी त्यांना मान वर करू दिली नाही. चौकीशी आल्यावर बहिणीने कमरेवर हात ठेवला. "अगं, जरा टेकू या का?"

दोघी टेकल्या. पाण्यावरून वारा आला.

"किती छान वारा येतो हो इथे," बायको म्हणाली आणि तिने पिशवीतून निळ्या झालरीची उशी काढली. बहिणीने कोनाड्यातली चादर आधीच हेरली होती. हेडक्लार्क आ वासून बघत राहिले.

"तुम्ही कशाला थांबलात?" बायको डोळे मिटूनच म्हणाली. "पूर्ण फेरी मारा आणि येताना आम्हाला उठवा."

हेडक्लार्क चौकीच्या पुढे निघाले. जुन्या पुलावर समोरून डॉक्टर येताना दिसले, घामाघूम, काखेत हवेची उशी. दोघांनीही आधी पाण्याकडे पाहून घेतलं.

"संध्याकाळी साहेब पाट्या लावून घेताहेत तिथे," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "म्हटलं, सकाळी यावं. तुमची बाजू नको मला, माझी रिकामी असली तरी पुरे."

"माझ्या बाजूला मिसेस झोपल्यात."

"आणि माझ्या?"

"आमची ताई."

डॉक्टरांनी पुलाच्या कठड्यावर हात टेकले. समोरचा चढ त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितला. त्यांचा चेहरा बघून हेडक्लार्कांना खरंच वाईट वाटलं.

"चला, डॉक्टर," त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. "रोज चाललं ना, की स्नायू भरतात."