कलम एक ते चौऱ्याऐंशी: विरोध

कोणतेही शैक्षणिक धोरण मुलांच्या हितासाठीच असते, आणि मुले सोडून बाकी सर्वांशी चर्चा केल्याशिवाय ते ठरवता येत नाही. म्हणून शिक्षक संघटना हवीच. (संघटना नव्हती तेव्हा धोरणे न वाचता मंजूर होत. आता ती न वाचता नामंजूर होतात. प्रगती म्हणतात ती हीच.)

चौथीच्या बाईंची अडचण साधी होती. वर्गात बासष्ट मुले, दोघांच्या बाकावर तिघे, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जायला वाटच नाही. तिथल्या कोपऱ्यातल्या मुलीला वाचता येते की नाही, हे वर्ष सरत आले तरी बाईंना ठाऊक नव्हते, आणि त्याचे त्यांना मनापासून वाईट वाटे. वर्गात तीसच मुले असावीत, एवढ्या एका मागणीसाठी त्या तीन वर्षे संघटनेच्या सरचिटणिसांच्या मागे लागल्या होत्या.

सरचिटणीस मूळचे भूगोलाचे शिक्षक. (नकाशा शेवटचा उघडला त्याला अकरा वर्षे झाली.) ते म्हणत, "काळजी करू नका बाई, तुमची मागणी अठ्ठाविसावी आहे."

अशात नव्या धोरणाचा मसुदा आला. दोनशे चौदा पाने, चौऱ्याऐंशी कलमे. संघटनेचा शिरस्ता ठरलेला: आधी विरोध, मग वाचन. वाचून विरोध केला की एखादे कलम पटते आणि एकजुटीला तडा जातो. विरोधाचा अर्ज छापलेलाच होता, फक्त कलमांची संख्या भरायची. अकरा मिनिटांत त्रेचाळीस सह्या झाल्या. (पैकी सात मिनिटे पेन शोधण्यात गेली.) बाईंची सही सर्वांत सुवाच्य होती. मोर्चात घोषणा देऊन त्यांचा घसाही बसला.

आणि कधी नव्हे ते शिक्षण खाते नमले. सगळीच्या सगळी कलमे मागे.

विजयाचा चहा झाला. टेबलावर मसुद्याचीच पाने अंथरली होती. बाईंनी कप उचलला, तर खाली कलम सतरा: एका वर्गात तीसहून अधिक मुले नसावीत. देव देतो अन् कर्म नेतं, ते असे.

"सर, हे तर आपलंच होतं."

सरचिटणिसांनी दोनदा वाचले. "म्हणून सांगतो बाई, वाचू नये. उगाच जिवाला लागतं." मग मोठ्या मनाने त्यांनी मागणी सत्ताविसावी केली.

बाई वर्गात आल्या. धोरण मागे घेण्याआधी खात्याने पालकांनाही विचारले होते. 'वर्गात तीसच मुले ठेवण्याच्या कलमासह सर्व कलमे रद्द होत आहेत. हरकत असल्यास लिहावे,' असा कागद प्रत्येक दप्तरातून घरी गेला होता. परत आलेले कागद बाईंनी मोजून कपाटात ठेवले होते. (खात्याने फक्त संख्या मागवली होती.) आज त्यांनी ते पहिल्यांदा वाचले. एकसष्ट कागदांवर एकच मजकूर: 'वाचले. हरकत नाही.' खाली झोकदार सही. बासष्टाव्यावर सही नव्हती. वाकड्या अक्षरांत लिहिले होते, 'हरकत आहे. तीस झालो तर मला फळा दिसेल.'

शेवटच्या रांगेतल्या मुलीला वाचता येत होते. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिला तिथल्या तिथे पहिल्या बाकावर चौथी म्हणून बसवले.

उरलेल्या एकसष्टांत तुमची सही कोणती, ते तुम्ही येऊन ओळखू शकता. कागद वाचायची गरज नाही.