थेट नाही, मधून

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला अशोक गराडे चहाला नंबर देतो. आलं घालून केला तो 'चहा एक'. गार झाल्यावर पुन्हा उकळला की 'चहा दोन'. "काकू, उकळल्यावर वस्तू बदलली ना? मग नाव तेच कसं ठेवायचं?" असं तो मला अगदी कळवळून विचारतो.

दोष त्याच्या धंद्याचा. अशोक तळेगावात घरी बसून कंपायलर बनवतो. म्हणजे काय करतो, हे त्याने समजावलं त्या दिवशी माझी भाजी करपली. माणूस प्रोग्राम लिहितो एका भाषेत आणि यंत्राला कळते दुसरीच. कंपायलर एकदम इकडून तिकडे उडी मारत नाही. आधी सगळं एका मधल्या रूपात उतरवतो. तिथे काही बदललं की त्याला नवं नाव मिळतं आणि ज्याचा पुढे उपयोग नाही ते गाळलं जातं. अर्थाला मात्र धक्का लागता कामा नये. अशोक हे मधलं रूप सांभाळतो. "थेट जायचं नाही काकू, मधून जायचं," हे त्याचं पालुपद. लिफ्ट बंद पडली तरी हेच म्हणतो.

त्याची बायको सेल्वी मदुराईची. दोघं इंग्रजीत बोलतात. गुडघे धरले म्हणून त्याच्या आई, सखुबाई, आंबी गावाहून राहायला आल्या. त्यांना मराठीवाचून दुसरं काही येईना. अशोक दोघींच्या मधे बसला.

पहिल्याच जेवणाला मी होते. सखुबाईंनी सांबार चाखलं. "हिला इचार, सांबारात चिंच घातली का चिंचंत सांबार?"

अशोक सेल्वीला इंग्रजीत म्हणाला, "आई विचारते, चिंच कुठून आणलीस?"

सेल्वीने सासूचा चेहरा वाचला होता. तीही इंग्रजीत म्हणाली, "आवडत नसेल तर स्वतः करा म्हणावं."

"आई, तिला तुझ्या हातचं खायचंय."

सखुबाई विरघळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिठलं केलं आणि सेल्वीने ते दोनदा घेतलं. मी अशोकला जिन्यात गाठलं. "अरे, हे कसलं भाषांतर?"

"अर्थ तोच आहे काकू. फालतू ओळी गाळल्या."

मग काही महिन्यांनी एकदा तो ऑफिसच्या कामाला दिवसभर पुण्याला गेला. मला धास्ती. मधला माणूस नाही, दोघीच घरात आणि लाटणं हाताशी! दुपार कलल्यावर मी डोकावले, तर स्वयंपाकघरातून खिदळणं ऐकू आलं.

"आई, ठेचा लय तिखट हाय!" हे चक्क सेल्वी म्हणत होती.

मी आ वासून बघत राहिले. सखुबाई म्हणाल्या, "येतंय की तिला. मीच शिकिवलं."

"मग अशोकला सांगितलं नाहीत?"

"नको काकू," सेल्वी म्हणाली. "तो एरवी कुटं बोलतो? कम्प्युटर, आणि गप्प. आमच्यात बसला की बोलतो."

सखुबाईंनी ठेच्याची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "त्याचा बाप आन् मी म्हैना म्हैना बोलायचो न्हाई. ह्यो एवडुसा हिकडचा निरोप तिकडं न्यायचा, समदं गोड करून. आमाला काय कळत नव्हतं व्हय? पर त्यो येऊन मधी बसायचा, म्हून घर ऱ्हायलं."

संध्याकाळी अशोक परतला, तेव्हा मी तिथेच होते. त्याने बूट काढले न काढले तोच सखुबाई कडाडल्या, "हिला म्हणावं, ओट्यापाशी कवाची उभी ऱ्हाऊन काय मिरवती?"

अशोक उत्साहाने सेल्वीकडे वळला. "आई म्हणते, दमली असशील. बस जरा."

सेल्वीने अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावली. सखुबाईंनी सरकून तिला जागा करून दिली.