पाटीलकाकांचं स्पेन

शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाटीलकाका रोज सकाळी खडूने मोठं वर्तुळ काढायचे आणि हातात पडद्याचा रॉड धरून त्याच्या कडेने चालायचे. शेकडो वर्षांपूर्वी स्पेनमधले तलवारबाज असंच वर्तुळ आखून पावलं टाकायला शिकत, म्हणे. "तलवार जोरावर चालत न्हाय, मापावर चालते," असं ते मला बजावायचे. मी बँकेतला माणूस. मान डोलवायचो.

पापड वाळत घालणाऱ्या बायकांनी तक्रार केली तेव्हा काकांनी लगेच तोडगा काढला. "वर्तुळाच्या आत घाला की. माझं काम कडेवर." त्या दिवसापासून पापडांभोवती तलवारबाजी सुरू झाली आणि कावळ्यांनी गच्ची सोडली. बायका खूश.

भाजीवालाही सुटला नव्हता. "टमाटर पहले स्पेन आया, जहाज से," काका त्याला सांगायचे. "मेरा तो वाशी से आया काका, टेम्पो से," असं म्हणून तो पाव किलो तोलून द्यायचा.

हा माणूस भाईंदर पश्चिमेच्या मिठागरवाल्या घरातला, पोस्टातून रिटायर झालेला. परदेश सोडा, विमानतळही आतून पाहिलेला नव्हता. पण डिक्शनरी घेऊन एकट्याने स्पॅनिश शिकला. सायबर कॅफेत बसून जुन्या पुस्तकांची पानं छापून आणली. स्पेनमधली माणसं काय खायची आणि कशी लढायची, यावर त्याने वह्याच्या वह्या भरल्या होत्या. त्या मी एकदा चाळून पाहिल्या. एवढं एका विषयात बुडालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग पुण्याच्या एका संशोधन त्रैमासिकाने काकांचा लेख स्वीकारला. काकांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. आठवड्याने संपादकांचं पत्र आलं. लेख उत्तम आहे, फक्त एक परिच्छेद गाळा, त्याला ग्रंथाचा संदर्भ नाही.

परिच्छेद भाताचा होता. स्पेनमध्ये पसरट कढईत भात शिजवतात आणि तळाला लागलेली खरवड कोणी घ्यायची यावरून घरात भांडणं होतात. पुढे काकांनी लिहिलं होतं, 'आमच्याकडे खरवड घरातल्या बाईच्या वाट्याला येते. माझी पत्नी यमुना हिने ती जन्मभर खाल्ली. आवडते, असं ती सांगे. मी कधी चाखून पाहिली नाही.'

काकू जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी समजूत घातली. "काका, चार ओळी तर आहेत. काढून टाका. इतक्या वर्षांची मेहनत छापून येईल."

"न्हाय," काका म्हणाले. लेख परत मागवणारं पत्र त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं आणि पाकिटात घातलं. पाकिटाला गोंद लावता लावता बोलले, "मतदार यादी सोडली तर तिचं नाव दोनदाच छापलंय. लग्नाच्या पत्रिकेत आणि दहाव्याच्या कार्डावर. आता तिसऱ्यांदा येत होतं, ते मीच कसं खोडू?"