दोघांनी मिळून गोठायचा सौदा

केदारखेड्याच्या भानुदास अण्णांनी मला फसवलं. रुमालाखाली हात देऊन केलेला सौदा त्यांनी मोडला. आणि तो बैलाचा नव्हता, माझ्या मरणाचा होता.

मी भोकरदनच्या बाजारात जनावरांचा व्यापारी. एका शेळीवर सुरुवात केली, आज माझ्या शब्दावर गाड्या भरतात. आमच्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून बोलायचं. एकदा हात दिला की सख्खा भाऊही मागं फिरत नाही. माझे शेजारी अण्णा मात्र फिरले.

मध्यंतरी अण्णा भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचे, "मेल्यावर पुन्हा यायचं का?" लग्नात नवरदेवाला विचारला, एसटीत कंडक्टरला विचारला. कंडक्टरनं त्यांना पुढच्या फाट्यावर उतरवलं.

मेल्यावर गोठून पुन्हा उठायची असली गोष्ट लोकांना मोबाइलवर कळते. अण्णांना गाईच्या मागं उभं असताना कळली. गाय माजावर आली म्हणून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बीज गोठवून ठेवायच्या टाकीचं झाकण उघडलं, पांढरी वाफ निघाली आणि आतून वळूच्या बीजाची काडीएवढी नळी बाहेर आली. अण्णांनी विचारलं, वळू कुठला? डॉक्टर म्हणाले, वळू मरून बरीच वर्षं झाली. पुढं कालवड झाली तेव्हा अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला गोठ्यात नेऊन दाखवायचे. "बाप कवाच गेला, अन् लेक काल आली. बराबर?"

डॉक्टरांची चूक एवढीच की परदेशात काही माणसं मेल्यावर स्वतःलाच असं गोठवून घेतात, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितलं. अजून कुणी उठलेलं नाही, हेही सांगितलं. ते अण्णांनी ऐकलं नाही. लाइट गेली तर काय, एवढंच विचारलं. लाइट लागतच नाही, टाकीत बर्फाहून गार असा पातळ नायट्रोजन ओतत राहायचा, असं कळल्यावर त्यांचा निम्मा विश्वास तिथंच बसला. तिकडं डोकं खाली अन् पाय वर ठेवतात, म्हणजे टाकी गळाली तरी डोकं शेवटपर्यंत गार राहतं. "बिलकुल बराबर," अण्णा म्हणाले. "माझे पाय तसेही गेलेलेच हायेत."

मी हसायचो. मग गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि मला जालन्याला दवाखान्यात नेलं. माझं म्हणावं असं कुणी नाही, अण्णाच आले. बाजारात मी कधी कुणाला भ्यालो नाही, तिथं भ्यालो. अण्णांनी खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकला आणि आतून बोटं धरली.

"शेठ, एकट्यानं न्हाई जायचं. दोघं मिळून गोठू, दोघं मिळून उठू. हात द्या."

तशातही मी घासाघीस केली. माझी टाकी त्यांच्या टाकीला लागून हवी, आणि आधी जागा होईल त्यानं दुसऱ्याला उठवायचं. त्यांनी सगळं कबूल केलं. मला आत नेईपर्यंत बोटं सोडली नाहीत.

बरा होऊन घरी आलो. परवा त्यांच्याकडं चहाला गेलो आणि टाक्यांचं कुठवर आलं ते विचारलं. अण्णा बशीत बघायला लागले. वहिनींना हसू आवरेना.

"ते खूळ पोळ्यालाच गेल्तं की, तुमच्या दवाखान्याच्या कितीतरी आधी. म्या सांगितलं, मी न्हाई त्या डब्यात येणार. एक जन्म यांचं ऐकलं, तेवढं बास. मंग हे म्हणले, तू न्हाई तर मी तरी उठून काय करू?"

म्हणजे हात दिला तेव्हाच सौदा खोटा होता. पोळ्यापासून अण्णांनी तो पुन्हा यायचा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. दात बघून बैलाचं वय सांगणारा मी, मला हे दिसलं नाही. मी कप आपटला, तोंडाला येईल ते बोललो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा हात लई गार पडल्ता, शेठ," एवढंच म्हणाले.

हा जबाब नाही. येत्या बाजारी चार व्यापाऱ्यांसमोर उभं राहून अण्णांनी सांगावं: बरोबर यायचंच नव्हतं, तर माझा हात एवढा वेळ धरून का बसले?